पायडलावरचा दिवा

आळ घेणाऱ्याला पुरावा जमवावा लागत नाही. ते काम ज्याच्यावर आळ आला त्याच्याच वाट्याला येते. घेतलेली वस्तू दाखवता येते, न घेतलेली दाखवायची कशी? म्हणून निरपराधाची बाजू नेहमीच लंगडी भासते, आणि तिला आधार देणे हे जाणत्या माणसाचे पहिले कर्तव्य ठरते.

भैयाजी गुरुजींना हे कर्तव्य ठाऊक होते. सेलूच्या शाळेत चौतीस वर्षे संस्कृत शिकवताना त्यांनी ते अनेकदा सांगितलेही होते. परंतु त्या शनिवारी दुपारी दीपमाला नगराळे त्यांच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा आधार द्यायचा तो कसा, हे त्यांना उमजेना.

सुदैवाने छाया तेलरांधे घरात होती. छाया गुरुजींची जुनी विद्यार्थिनी. वीस वर्षे वीजमीटर तपासण्याची नोकरी करून तिने ती सोडली आणि वर्ध्यात खासगी तपासाचे छोटे कार्यालय थाटले. शनिवारची दुपार मात्र ती गुरुजींसाठी राखून ठेवी.

"गुरुजी, लोकं मले चोर म्हणून राह्यले," दीपमाला उभ्यानेच म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"तोंडावर कोणीच नाई. पाठीमागं सारी गल्ली. धुरपतामावशीच्या मशीनचा दिवा बंद झाला. मोटारवाले कैलासभाऊ सांगतात, डायनामोतली तांब्याची तार कोणीतरी काढून नेली. अन् मी बी मावशीच्याच खोलीत शिवतो, किल्ली माह्याजवळ."

"मावशी काय म्हणतात?" छायाने विचारले.

"मावशी काईच म्हणत नाई. तेच तं." दीपमालाने पदराचे टोक बोटाला गुंडाळले. "सावंगीच्या दवाखान्यातल्या डॉक्टर पोरींचे चाळीस ॲप्रन मले शिवाचे होते. ज्या बाई काम आणून देतात, त्या काल म्हणे, दसऱ्यानंतर पाहू. आज हा डाग पुसला नाई तं मंग पुसतच नाई, ताई. मले गावात शिवाले कोण देईन?"

छायाने चहाची बशी खाली ठेवली. "चला गुरुजी."

जुन्या बाजारामागच्या गल्लीकडे जाताना गुरुजींचे मन मात्र मागे मागे जात होते. धुरपताबाईंचे यजमान रूपराव थूल हे गुरुजींच्याच शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. संस्कृतच्या वर्गाला लागूनच ती प्रयोगशाळा. मधल्या दारातून गुरुजी कधी डोकावत, तेव्हा रूपराव तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबक खुपसत आणि काढत असलेले दिसत. प्रत्येक खेपेला टेबलावरच्या यंत्राचा काटा डावीउजवीकडे झुके.

"तारेला चुंबक शिवतसुद्धा नाही, आणि काटा हलतो," छाया म्हणाली. "मी पहिल्या बाकावर होते. त्या दिवशी मी घरी जाऊन जेवलेच नव्हते, गुरुजी."

"त्याला रूपराव काय म्हणायचा, आठवतं? विद्युतचुंबकीय प्रवर्तन." गुरुजी हा शब्द सावकाश, एकेक अक्षर जपून उच्चारत. "मला विचारायचा, गुरुजी, आमच्या धम्मचक्राचं प्रवर्तन आणि या तारेचं प्रवर्तन, शब्द एकच कसा? मी सांगितलं, प्रवर्तन म्हणजे गती देणं, चालू करणं. तर हसून म्हणाला, मंग बरोबर आहे. चाक फिरल्याबिगर उजेड कुठीच नाई."

भारनियमनाच्या त्या वर्षांत गावात दिवसाचे बारा-बारा तास वीज नसे. धुरपताबाई पायडलच्या मशीनवर शिवणकाम करीत. रूपरावांनी आपल्या सायकलचा डायनामो काढला, मशीनखालच्या मोठ्या चाकाच्या कडेला टेकेल असा बसवला, त्याच्या दोन तारा फळीखालून वर नेल्या आणि सुईच्या डोक्याशी छोटा बल्ब लावला. बाईंनी पाय चालवले की सुईखालचे कापड उजळे. त्या वाटीएवढ्या उजेडात अर्ध्या गल्लीची पोरे वह्या घेऊन बसत. शिलाई संपली तरी पोरे म्हणत, मावशी, पाय थांबवू नका, एक गणित राहिलं. आणि बाई रिकामे मशीन चालवीत राहत.

रूपरावांना जाऊन नऊ वर्षे झाली होती. आता गावात वीज असे; तरी बाई तोच दिवा लावून शिवत.

*

धुरपताबाई थूल सत्त्याहत्तर वर्षांच्या होत्या. मशीनसमोर बसलेल्या, पण हात मांडीवर. शेजारी पांढऱ्या कापडाची चळत होती. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जाणाऱ्या बायकांच्या चोळ्या त्यातून व्हायच्या होत्या.

"या गुरुजी. लई दिवसांनी आठवण झाली." मग छायाकडे पाहून म्हणाल्या, "तू तेल्याची छाया ना? फ्रॉक शिवला होता तुह्या, निळा. खिसा पायजे म्हणून रडत होती."

"अजून खिशाशिवाय काही घालत नाही, मावशी."

दीपमाला चहा ठेवायला आत गेली. कोपऱ्यात चकचकीत इंडक्शन शेगडी होती. तिच्यावर तुरीच्या डाळीचा डबा विराजमान होता.

"ही वापरत नाही?" गुरुजींनी विचारले.

"प्रफुल्लनं आणून देल्ली. जर्मनचा गंज ठेवला की नुसती टीं टीं बोंबलते, तापत नाई. माह्ये सारे भांडे जर्मनचे. पोराले वाटते, आईचे भांडे बी बदलावे अन् आई बी."

छाया हसली. "तिला ॲल्युमिनियमचं भांडं चालत नाही, लोखंडी किंवा चुंबक चिकटेल असं स्टील लागतं. खाली तारेचं वेटोळं असतं, भांड्याला ते शिवत नाही, तरी भांडं तापतं. शेतातली पंपाची मोटार, गावाबाहेरची डीपी, सगळं एकाच गोत्राचं."

"त्या डीपीला रोहित्र म्हणतात," गुरुजी म्हणाले.

"हो गुरुजी." छाया मशीनजवळ उकिडवी बसली. "मावशी, दिवा कधी बंद झाला?"

"सोमवारी. रविवारी प्रफुल्ल आला होता बुटीबोरीहून, मुक्कामाले होता, पहाटे गेला. सोमवारी सकाळी मी डोळे दाखवाले सावंगीले गेल्ती. दीपमालानं खोली उघडली. दुपारी येऊन बसली तं दिवा नाई. मंगळवारी कैलासले बोलावलं."

"दीपमाला या मशीनवर बसते?"

"नाई. तिचं ते मोटारीचं मशीन आहे तिकडं. याले ती हात लावते तो पुसाले, तितकाच."

"आणि दिवा बंद झाला म्हणून तुम्ही काम सोडून बसलात?"

बाईंनी विझलेल्या बल्बाला बोट लावले. "प्रफुल्ल लई वर्षांचा मागं लागला आहे, चाल म्हणून. मी त्याले एकदा म्हटलं होतं, तुह्या बापाचा दिवा ज्या दिवशी लागणार नाई, त्या दिवशी येतो तुह्याकडं. आता शब्द तं शब्द. आज येऊन राह्यला तो मले न्याले."

त्यांनी स्वयंपाकघराकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "एक सांगतो, पण कोणाले सांगजो नको. कैलासले नाई, पोरीले नाई, प्रफुल्लले तं मुळीच नाई. सोमवारपासून पायडल मले जड येते. दिवा गेला अन् माह्ये पाय बी गेले."

गुरुजी बाईंच्या पायांकडे पाहू लागले. छायाच्या चेहऱ्यावर मात्र वेगळीच एकाग्रता होती.

"चालवा बरं जरा."

बाईंनी पाय चालवले. चाक कुरकुरत, ओढून घेतल्यासारखे फिरले. दिवा विझलेलाच. छायाने डायनामोची स्प्रिंग मागे ओढली. तो चाकापासून दूर झाला.

"आता?"

"आता हलकं आहे," बाई आश्चर्याने म्हणाल्या.

"साहजिक आहे," गुरुजींनी समजूत घातली. "ओझं काढलं, गाडी हलकी."

"तेच तर," छाया म्हणाली, आणि तिने डायनामो पुन्हा चाकाला टेकवला.

*

कैलास उगेमुगे याचे मोटार वाइंडिंगचे दुकान बसथांब्यासमोर होते. त्याच्या समोर पंपाची मोटार उघडी पडलेली, आणि तो तिच्या खाचांत नवी तार भरीत होता.

"मी चोर कोणाले म्हटलं नाई, ताई. मी म्हटलं, आत तार नाई."

"डायनामो खोलून पाहिला?"

"खोलाची गरजच नाई. जुना बल्ब लागत नव्हता, म्हणून नवा लावला. तो बी नाई लागला. मंग आत तांबं कुठी आहे? पस्तीस वर्सं झाले मले या धंद्यात."

"पायडल कोणी मारलं?"

"मावशीनं. मी तं बल्बाकडं पाहून राह्यलो होतो."

छायाने भंगाराच्या पेटीतून सायकलचा एक जुना डायनामो उचलला. वरची चकती दोन बोटांनी गरकन फिरवली आणि तो गुरुजींच्या हाती दिला. "फिरवा गुरुजी."

गुरुजींनी फिरवली. चकती हलकी होती. छायाने केसांतली पिन काढली, डायनामोची दोन टोके त्या पिनेने जोडली आणि म्हणाली, "आता फिरवा."

या वेळी चकती जड लागली. गुरुजींना वाटले, आपल्याच बोटांत जोर उरला नाही.

"याच्यात तार आहे?" छायाने विचारले.

"आहे ना. बुडाशी दिसते पहा." कैलास हसला. "तुम्ही बी शाळेतले खेळ करता, ताई."

"शाळा चांगली होती आमची," ती म्हणाली. "संध्याकाळी पाचला मावशीकडे या. तुमची गरज लागेल."

*

प्रफुल्ल थूल चारच्या सुमारास आला. बुटीबोरीच्या एका कारखान्यात तो वायरमन होता. चेहरामोहरा थेट रूपरावांचा. आईची पिशवी भरायला त्याने सुरुवातही केली होती. छायाने त्याला ओट्यावर बोलावले.

"तुम्हाला कोणावर संशय?"

"कोणावरच नाही. दीपमाला तर आमच्या घरचीच आहे." तो घाईने म्हणाला. "चोरी-बिरी काढूच नका तुम्ही. तार गेली ती गेली."

"तिच्यावर आळ आहे."

"लोक विसरून जातील, ताई. चार दिवस बोलतात."

"तुम्ही येण्याआधी आईशी बोललात?"

"सोमवारी फोन झाला. दिवा लागत नाही म्हणे, इतकंच बोलली आणि ठेवला. आज आल्यावर तर धड बोललीच नाही." त्याने आत पाहिले. "आता तिनं आराम करावा. या वयात असलं जड पायडल मारणं बरं नाही, गुरुजी. तुम्हीच समजवा."

गुरुजींनी मान हलवली. मुलगा मायाळू होता, यात त्यांना शंका नव्हती. छाया त्याच्या हातांकडे पाहत होती.

*

पाच वाजता सारे मशीनच्या खोलीत जमले. दारातून कलते ऊन येत होते. दीपमाला भिंतीला टेकून उभी. बोलावले म्हणून आलेली, बसायला मात्र तयार नाही. कैलास शिवणाच्या चळतीपासून हात राखून, तेलकट बोटे मिटून बसला होता.

"मी थोडं रूपरावकाकांसारखं शिकवणार आहे," छाया म्हणाली. "चुका गुरुजी दुरुस्त करतील."

"मी फक्त शब्दांच्या," गुरुजी म्हणाले.

"डायनामोच्या आत चुंबक फिरतो आणि त्याच्याभोवती तारेचं वेटोळं असतं. चुंबक फिरला की तारेत वीज उठते. पण ती फुकट उठत नाही. तारेतून वीज वाहू लागली की ती उलट चुंबकालाच अडवते. जितकी वीज अधिक वाहते, तितकं फिरवणं जड. आणि वाट तुटलेली असेल, तर वीज वाहत नाही, चाक हलकं राहतं. मीटर तपासताना मी वीस वर्षं हेच पाहिलं. वीज कोणीतरी नेत असेल, तर तिचा भार कुठे ना कुठे पडतोच."

ती कैलासकडे वळली. "कैलासभाऊ, मघाशी गुरुजींनी तुमच्या दुकानात डायनामो फिरवला. टोकं मोकळी होती तेव्हा हलका. पिनेनं जोडली तेव्हा जड. आता सांगा, ज्या डायनामोत तारच नाही, तो कसा लागेल?"

कैलासने पायडलाकडे पाहिले. "हलका. साफ हलका."

"मावशी, क्षमा करा, तुमचं एक गुपित उघडं करते. सोमवारपासून हे पायडल जड झालं आहे. डायनामो चाकापासून दूर केला की हलकं होतं. म्हणजे दोष तुमच्या पायांचा नव्हता."

धुरपताबाईंनी आपल्या गुडघ्यांवर हात ठेवले आणि तसेच राहू दिले.

"तेव्हा तार चोरीला गेलेली नाही. ती आत आहे, आणि तिच्यातून वीज भरपूर वाहते आहे. फक्त दिव्यापर्यंत पोचत नाही. वाटेत कोणीतरी दोन्ही तारा एकमेकींना जोडून तिला जवळच्या वाटेनं परत पाठवलं आहे. चोराला तार न्यायची असते, जोडायची नसते. दीपमाला इथेच सुटते."

दीपमालाने डोळे मिटून घेतले.

छायाने मशीनचा खण बाहेर काढला, हात आत घातला आणि फळीच्या खालच्या बाजूने तारांच्या मागोमाग बोटे नेली. एका जागी ती थांबली. दोन्ही तारांचे वेष्टण तांदळाच्या दाण्याएवढे खरवडलेले होते आणि तांब्याचा एक बारीक धागा त्यांना बांधून होता. वरून काळा दोरा इतका नेटका गुंडाळलेला, की डोळ्यांना दिसणार नाही, हाताला लागेल तेवढाच.

"हे उंदराचं काम नाही," ती म्हणाली. "ज्याला दिवा मोडायचा असता, त्यानं तार कापली असती, बल्ब फोडला असता. इथे कुठेही कात्री लागलेली नाही. हा धागा काढला की सगळं पूर्ववत. हे ज्यानं केलं, त्याला दिवा बंद करायचा होता, पण डायनामोला धक्का लावायचा नव्हता. त्याला विजेचं काम येतं आणि हा डायनामो त्याला प्रिय आहे."

बोटे पुसत छाया सगळ्यांकडे वळली.

"मग उरतो प्रश्न, दिवा बंद झाल्यानं कोणाचं काय साधत होतं? ज्याला मावशींनी शब्द दिला होता, त्याचं. आणि एक गोष्ट. पायडल जड झालं हे मावशींनी फक्त गुरुजींना आणि मला सांगितलं होतं. बाकी सगळ्यांना ठाऊक होतं ते इतकंच, की दिवा लागत नाही. दीपमाला या मशीनवर बसत नाही. कैलासभाऊंनी पायडल मारलं नाही. तरीही तासाभरापूर्वी ओट्यावर एक जण म्हणाला, असलं जड पायडल या वयात बरं नाही. जड होईल हे त्याला आधीच माहीत होतं, कारण तारा जोडल्यावर ते होणारच होतं."

गुरुजींना आपले मघाचे मान हलवणे आठवले आणि त्यांची नजर खाली गेली.

प्रफुल्ल आईच्या पायाशी बसला. "रविवारी आई झोपल्यावर केलं. बाबांनीच शिकवलं होतं मला, दोरा कसा घट्ट गुंडाळावा ते. कापायला हात धजला नाही." थोडे थांबून तो म्हणाला, "आई एकटी असते. मागच्या पावसाळ्यात अंगणात पडली, ते मला आठ दिवसांनी कळलं. मला वाटलं, दिवा लागला नाही की येईल. पुढे कधीतरी काढून टाकीन धागा."

"अन् मी?" दीपमालाने विचारले. आवाज चढलेला नव्हता. "मंगळवारपासून लोकं माह्याकडं पाहून राह्यले, भाऊ. तुमाले ठाऊक होतं. तुमी म्हणे, लोकं विसरतात. विसराले त्याईचं काय जाते?"

धुरपताबाई मुलाकडे वळल्या. "पडली तेव्हा मी सांगितलं नाई, ते चुकलं माह्यं. पण तू मले माह्ये पाय गेले असं वाटू देल्लं, प्रफुल्ल. पाच दिवस मी या पायांले शिव्या देत होती. अन् या पोरीकडं मी एकदा बी सरळ पाह्यलं नाई. हे दोन हिशेब मी कोणाच्या नावावर मांडू?"

"माझ्या," तो म्हणाला.

"मंग ऊठ. गल्लीत जा. घरोघरी सांग, आपल्या तोंडानं. त्याच्या आधी ॲप्रनवाल्या बाईले फोन लाव, इथंच, सर्वांसमोर."

कैलासही उठला. "मी बी येतो संगं. तार गेली म्हणून मीच सांगत फिरलो. न पाहता बोललो." तो दीपमालासमोर थबकला. "पोरी, चुकलं. तुह्या मशीनची मोटार आवाज करते ना? उद्या आणजो दुकानात."

"आधी गल्लीत फिरून या," दीपमाला म्हणाली. "मंग पाहू मोटारीचं."

प्रफुल्लने तिथेच फोन लावला. पलीकडच्या बाई दोनदा काय, काय म्हणाल्या. त्याने दोन्ही वेळा पहिल्यापासून सांगितले. शेवटी फोन दीपमालाच्या हाती गेला. ती ऐकत राहिली, हो म्हणाली, सोमवारी कापड पाठवा म्हणाली, आणि फोन परत देताना तिने भिंतीचा आधार सोडला.

छायाने तांब्याचा धागा हलक्या हाताने सोडवला. धुरपताबाईंनी पायडलावर पाय ठेवले. दिवा आधी तांबूस झाला, मग पिवळा, मग सुईभोवतीचे पांढरे कापड उजळले. बाईंनी शिवले काहीच नाही. नुसते पाय चालवीत राहिल्या.

"नागपूरले येईन मी तुह्यासंगं," त्या म्हणाल्या. "चवदा तारखेले. चार दिवस तुह्याकडं राहीन. मंग परत आणून घालजो. दर रविवारी येत जा, मशीनले हात न लावता." मग दीपमालाला म्हणाल्या, "अन् तू माह्याजवळ बस. या चोळ्या दोघींनी केल्या तं होतात."

दीपमालाने स्टूल ओढले. मग चळतीतले पहिले कापड तिने मांडीवर घेतले आणि शिलाईची खूण करू लागली. बाहेर ओट्यावरून प्रफुल्ल आणि कैलास खाली उतरले. पहिल्या दाराची कडी वाजली.

गुरुजी हात जोडून उभे होते. या आईला पायांचे बळ लाभो, या लेकाला खरे बोलण्याचे धैर्य वेळेवर येवो, या मुलीची मान गावात सदैव ताठ राहो, असे ते मनातल्या मनात म्हणाले, आणि छायाच्या मागोमाग आवाज न करता उंबरा ओलांडून बाहेर पडले.